पहिली पंगत

मी हॉटेल मॅनेजमेंट शिकायला नाशिकला गेले तेव्हा जव्हारात सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, पोरीला वाढपीच व्हायचं होतं तर बारावीपर्यंत शिकवली कशाला? वडील सरकारी कचेरीत कारकून. तिथले लोक चहाचा कप हातात धरून त्यांना म्हणायचे, "लेकीला विचारा, नीट धरलाय का." वडील हसून सोडून द्यायचे. मला त्या हसण्याचाही राग यायचा.

नाशिकला मी नॅपकिनचे राजहंस करायला शिकले, समारंभाची आखणी शिकले, इंग्रजीत माफी मागायला शिकले. राजहंस आता जमत नाहीत, आणि माफी तर मराठीतही जमत नाही. पण एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. प्रॅक्टिकलला एका हॉटेलात पाठवलं होतं. पाहुणे यायच्या आधी तिथल्या आचाऱ्यानं भांडी घासणाऱ्यांसकट आम्हा सगळ्यांना जेवायला बसवलं. म्हणाला, "उपाशी माणसाला वाढायला उभं केलं, की त्याचं लक्ष ताटातच राहतं."

मला माझी आई आठवली. ती जामसरच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. भाऊबंदांत कुणाचंही लग्न असलं की चुलीपाशी तीच. "जेवलीस का?" विचारलं तर एकच उत्तर, "मागनं." ते मागनं म्हणजे सगळ्या पंगती उठल्यावर, टोपाच्या बुडाला लागलेला भात आणि गार वरण.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सांगून टाकलं, आखणी मी करणार. नवरीनं स्वतःच्या लग्नाची व्यवस्था बघायची म्हटल्यावर बायकांनी तोंडात बोटं घातली. घालू दे म्हटलं. मी ठरवलं होतं, वऱ्हाड यायच्या आत चुलीवरच्या बाया, पाणी भरणाऱ्या आणि जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घालणारे, सगळ्यांची पंगत जेवून उठायला हवी.

कुठलं वऱ्हाड वेळेच्या आधी येतं? माझं आलं. खोडाळ्याहून वऱ्हाडाच्या जीपा येऊन दारात थांबल्या तेव्हा पत्रावळींवर नुकताच भात पडला होता, आणि पंगतीत कडेला आई बसली होती.

नवऱ्याचे काका शाळामास्तर. त्यांनी मांडवात पाऊल टाकलं नाही. "वऱ्हाड दारात उभं आणि इथं कामाची माणसं जेवतात? आम्ही यांच्यामागून उष्टं खायचं? आधी यांना उठवा, नाहीतर आम्ही परत फिरतो."

वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात जोडत काकांकडे निघाले. इकडे आई घाईघाईनं उठायला लागली. मी तशीच, अंगभर हळद लागलेली, पंगतीत गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"पोरी, लगीन मोडंल गं," आई कुजबुजली.

"मोडू दे. भात निवतोय. जेव."

हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. हात तिच्या खांद्यावरून काढला नाही. लग्न हवं होतं मला, नवरा आवडला होता. तरीही आईला ताटावरून उठवून मिळणारं लग्न नको होतं.

मग जीपमधून माझी होणारी सासू उतरली, काकांच्या शेजारून आत आली आणि आईजवळ जाऊन म्हणाली, "सरका जरा. मला पण भूक लागलीय."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. लग्न लागेपर्यंत मांडवाबाहेर उभे राहिले आणि तसेच उपाशी परत गेले. नवरीनं कसा अपमान केला ते आजही चारचौघांत सांगतात. खुशाल सांगू दे.

त्या पंगतीत सासू आईशेजारी बसली, तसा वाढणारा पोरगा भाताची परात घेऊन पुन्हा आईपुढं आला. मला वाटलं, ती आता हात आडवा धरून "मागनं" म्हणेल.

आईनं पत्रावळ पुढं सरकवली आणि म्हणाली, "वाढ."