अंबुजाक्कांच्या अहवालातले बाळ

नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा असला, की डॉक्टर अंबुजाबाई ती टाच आधी आपल्या दोन्ही तळव्यांत धरून बसत. परिचारिका सुई घेऊन उभी असे, वॉर्डात आणखी चार बाळे रडत असत, आणि बाई मात्र पूजेला बसल्यासारख्या स्वस्थ. कुणी घाई केली तर म्हणत, "पाहुणे आपण आहों याचे. आल्या आल्या मागायला लागायचें काय?" टाच गुलाबी झाली की थेंब जाड टिपकागदावरच्या वर्तुळात अलगद उतरे, आणि बाळाला कळण्यापूर्वी सारे आटोपलेले असे.

तंजावूरच्या ज्या इस्पितळात त्या बालरोगतज्ज्ञ होत्या, तेथील प्रयोगशाळेत मी नव्वदच्या दशकाच्या आरंभी नोकरीला लागले. जीवरसायनशास्त्राची पदवी हाती होती. बोलण्याचे धैर्य नव्हते. पहिल्या दिवशी त्यांच्या प्रश्नांना मी तमिळमध्ये आणि तेही एकेका शब्दात उत्तरे दिली. त्यांनी माझे नाव पुन्हा विचारले, आजोबांचे विचारले, आणि एकदम आम्हां तंजावूरच्या मराठी घरांतल्या मराठीत म्हणाल्या, "म्हणजे आमचीच तूं. मग इतका वेळ कशाला लपवलेंस? येथें कोणी पट्टी घेऊन उभें नाहीं." त्या दिवसापासून त्या माझ्यासाठी अंबुजाक्का झाल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची होती; 'सगळे'ऐवजी तीत 'अस्के' येई. मध्येच 'सरि', म्हणजे 'बरे', म्हणून त्या विषय संपवीत.

त्यांना एकच ध्यास होता. काही बाळांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जन्मतःच काम करीत नाही. बाळ दिसायला धड असते, दूध पिते, शांत झोपते. घरचे कौतुक करतात, की किती गुणी आहे. महिने लोटल्यावर कळते, की त्याची बुद्धी मागेच राहिली. पहिल्या काही आठवड्यांत ओळखले तर रोजची एक लहानशी गोळी आईच्या दुधात विरघळवून देणे पुरते. "गुणी बाळाची मला भीती वाटते, वत्सला," अक्का म्हणत. "रडकें बाळ आपलें काम आपण करून घेतें."

परदेशी चाचण्यांचे संच नुकतेच सुलभपणे मिळू लागले होते. अक्कांनी खटपट करून आमच्या इस्पितळात प्रत्येक नवजात बाळाची तपासणी सुरू केली. त्याच सुमारास मद्रासला तज्ज्ञांची एक सल्लागार समिती नेमली गेली. नवजात बाळांना कोणत्या चाचण्या सर्वत्र कराव्यात, हे तिने सरकारला सुचवायचे होते. जिल्ह्यातले कोणी तरी हवे म्हणून अक्कांना त्यात घेतले. कागदपत्रे सांभाळायला मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून सारे ऐकले. मला वाटले होते, तेथे आजारांविषयी बोलतील. बोलणे चाले ते निराळ्याच गोष्टींविषयी. आजार किती बाळांत आढळतो? उपाय हाताशी आहे का? चाचणी किती वेळा खोटी ठरते? एका सभासदांना पुष्कळ आजारांची लांब यादी हवी होती, संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना एकही नको होता. अध्यक्ष वृद्ध आणि मृदू होते, प्रत्येक आजारानंतर ते चष्मा काढून एवढेच विचारीत, "बरे, आणि त्यानंतर काय?"

बाहेर आल्यावर अक्का हसल्या. "सोयरीक जुळवायला बसल्यासारखे अस्के बसलेत. मुलगी कोणी पाहिली नाहीं, पत्रिका मात्र पाठ."

तरीही बहुमत हळूहळू त्यांच्या बाजूला झुकत होते. आमच्या इस्पितळाचा दोन वर्षांचा अहवाल आला, की जिल्ह्याजिल्ह्यांत थायरॉइडची तपासणी सुरू करण्याची शिफारस होणार, असे अध्यक्षांनी जवळजवळ सांगूनच टाकले होते.

अहवाल पुरा होण्याच्या चार महिने आधी एका मुलीच्या चाचणीत थायरॉइडचा दोष दिसला. तिचे नाव ठेवलेले नव्हते. कार्डावर 'शिवकामीचे बाळ' एवढेच होते. पत्ता मी लिहिला होता. दाखल होताना नोंदवहीत नवऱ्याचा पत्ता घेतात, तोच मी उतरवून घेतला. आमच्या भागात पहिले बाळंतपण माहेरी होते आणि बाळ-बाळंतीण महिनोन्‌महिने तेथेच राहतात, हे मला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? माझा स्वतःचा जन्म तसाच झालेला. बाळाला ताबडतोब घेऊन या, असे इस्पितळाचे पत्र कुंभकोणमकडच्या त्या सासरगावी गेले. नवरा कामासाठी परगावी होता. सासूने इंग्रजी पत्र जपून देवाच्या तसबिरीमागे ठेवले. दुसऱ्या पत्राचेही तेच झाले. शेवटी अक्का स्वतः बसने त्या गावी गेल्या, तेथून माहेरचे गाव विचारून ओरत्तनाडूपलीकडे कालव्याच्या काठाने चालत गेल्या. मुलगी सापडली तेव्हा तिला तिसरा महिना सरत होता. आई म्हणाली, "फार गुणी आहे हो, डाक्टरम्मा."

त्या परत आल्यावर मी कार्ड त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "अक्का, हें अक्षर माझें आहे."

"अक्षर तुझें, रकाना आमचा," त्या म्हणाल्या. "बाळ कोठें असणार हें त्या कार्डानें विचारलेंच नाहीं. सरि, नवीन कार्ड छापायला दे."

अहवाल टंकलिखित करताना त्या मुलीचा परिच्छेद आला, तेव्हा माझे हात थांबले. मी म्हणाले, "अक्का, हा एवढा काढूं या. बाकीचीं सगळीं वेळेवर सांपडलीं. या एकीसाठीं अस्कें बुडेल. कोणाला कळणार आहे?"

"तुला कळलें. मला कळलें. दोघी झालों की समितीच झाली." मग हसू आवरून त्या म्हणाल्या, "लिही."

शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी तोच परिच्छेद मोठ्याने वाचला. "डॉक्टर, आजार सापडला आणि बाळ सापडले नाही, तर तिला तपासणी म्हणता येईल का?"

अक्का म्हणाल्या, "नाही."

एवढेच. समितीने लिहिले, की चाचणी उपयुक्त आहे. परंतु बाळाचा माग ठेवण्याची व्यवस्था होईपर्यंत ती सर्वत्र सुरू करू नये. व्यवस्था कोणी करायची, ते लिहिले नाही. पुढे समितीच भरली नाही. आमच्याकडचे संच संपले, नवे आले नाहीत. बाळांच्या टाचा धरण्याचे कारण उरले नाही, आणि काही वर्षांनी अक्का निवृत्त झाल्या.

भावाकडे बंगळूरला कायमच्या जाण्यापूर्वी त्यांनी मला घरी बोलावले. पुस्तके बांधून झाली होती. कॉफी देऊन त्या माझ्यासमोर बसल्या आणि मी कधी ऐकला नव्हता अशा स्वरात म्हणाल्या, "तो परिच्छेद काढला असता तर जिल्ह्याजिल्ह्यांत तपासणी सुरू झाली असती. अर्धवट झाली असती, तरी कांहीं बाळें वांचलीं असतीं. तीं कोण, हें मला कधीं कळणार नाहीं. वत्सला, बरोबर केलें काय मीं?"

मी उठून पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी घट्ट करू लागले. त्यांनी 'सरि' म्हणून पेले उचलले. दोन वर्षांनी त्यांच्या भावाचा फोन आला, तेव्हा अंत्यविधीही उरकला होता.

आज मला त्यांना सांगावेसे वाटते, की त्या बाळांचा हिशेब मलाही लागत नाही. मात्र परिच्छेद काढा असे मी म्हणाले, ते जिल्ह्यातल्या बाळांसाठी नव्हते, अक्का. त्या कार्डावर माझे अक्षर होते. तुम्ही तो परिच्छेद ठेवलात, आणि त्यात माझे नाव कोठेही येऊ दिले नाही.