हॉलची हिरवी भिंत आणि नितीनचा हात

आधीच सांगून टाकते. भूत, करणी, नजर, अंगात येणं यातलं काहीएक मी मानत नाही. मी बुऱ्हाणपूरच्या एका खाजगी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. देवळात अंगात आलेल्या बाईला "आधी पाणी प्या आणि सावलीत बसा" असं सांगणारी मी. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव दोन वर्षांपासून वाचतेय आणि खरं सांगू, निम्मे वाचून हसलेय. आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

घर बुऱ्हाणपुरातच, लालबागला आहे, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. बाबांनी बांधलेलं, एकमजली. पुढे हॉल, मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर, परसात पपई. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, का ते इथे नको. धाकटा भाऊ नितीन माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. इंदूरला नोकरी करतो, बायकोसोबत तिथेच राहतो. त्याला पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली, त्याचा कॉलेजचा डबा मी भरला, त्याच्या लग्नात वरमाईसारखी मी मिरवले. उपकार म्हणून सांगत नाहीये हं. तो माझ्यासाठी कोण होता ते कळावं म्हणून सांगतेय.

आई शेवटचं दीड वर्ष हॉलमध्येच खाटेवर होती. ती दापोऱ्याची, केळीच्या बागेत वाढलेली. समोरच्या भिंतीचे पोपडे निघालेले, तिकडे बघत पडून राहायची आणि म्हणायची, "मला एकदा बागेत नेऊन बसव गं." मी म्हणायचे, उद्या नेते. दुसरा प्रश्नही रोजचाच... "नितीन आला होता का?" तो महिना-महिना फिरकायचा नाही. मी सांगायचे, "येऊन गेला ना, तुझा डोळा लागला होता." तिला बरं वाटायचं, आणि मला त्याची सवय झाली होती.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. घर तिच्या नावावर होतं. नितीन मला रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेला. म्हणाला, नाव बदलायचं तर दोघांच्या सह्या लागतात. मी केल्या. तिथल्या साहेबांनी विचारलंसुद्धा, "मॅडम, अपनी मर्ज़ी से कर रही हैं ना?" मी म्हटलं, हां. कागद वाचला नाही. मुलांना वर्षानुवर्षं ओरडून सांगते, प्रश्न नीट वाचा मग उत्तर लिहा. आणि मी मात्र... कप्पाळ माझं!

मार्चमध्ये नितीन आला आणि हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, "ताई, काय हालत झालीय यार याची. मस्त करून घे ना सगळं. रंग, सोफा, पडदे, सब कुछ. तुझ्या पसंतीनं. आता हे घर तुझंच आहे."

चव्वेचाळीस वर्षांत मला 'तुझ्या पसंतीनं' असं कुणी म्हटलं नव्हतं. तो गेल्यावर मी रडले, चांगल्या अर्थाने.

मग काय, मोबाइलवर हॉल सजवायचे व्हिडिओ बघण्याचा सपाटा लावला. एका व्हिडिओत हिरवा आणि करडा रंग घेतलेला हॉल बघितला आणि मनात भरला. पण दुकानातल्या कार्डावरचा एकही हिरवा पसंत पडेना. शेवटी दापोऱ्याच्या मामांना फोन केला. ते मोटरसायकलवर केळीचं एक पान ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. ते पान घेऊन मी शनवारा भागातल्या रंगाच्या दुकानात गेले. म्हटलं, पानाची वरची बाजू समोरच्या भिंतीला, आणि पानाची पाठ... ती असते ना पांढुरकी, करडी, बोट लावलं की पीठ लागल्यासारखी... ती बाकी तिन्ही भिंतींना. दुकानदार हसला, "मॅडम, लोग मोबाइल में फोटो लाते हैं, आप पत्ता ही ले आईं." पण त्याने मशीनवर रंग अगदी तंतोतंत काढून दिला.

रफीकचाचांनी रंग लावला. तीस वर्षं ते हेच काम करतायत. पुट्टी, प्रायमर, वर रंगाचे दोन हात, कुठे म्हणून कसर नाही. सोफ्याला करडं कापड चढवलं, करडे पडदे आणले, उशांचे हिरवे अभ्रे आईच्याच मशीनवर मी शिवले. सगळं झाल्यावर जिथे आईची खाट होती तिथे खुर्ची टाकून बसले. खरंच बागेत बसल्यासारखं वाटत होतं. उशीर झाला गं आई, असं मोठ्याने म्हटलं मी.

हा मे महिना होता, हे ध्यानात घ्या. आमच्या बुऱ्हाणपुरात मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो.

चौथ्या दिवशी, रविवारी, नितीन आला. दारातच खूश. "वा ताई! एकदम झक्कास. आता आरामात राहा आयुष्यभर," असं म्हणत बूट काढताना त्याने हिरव्या भिंतीला हात टेकला. हात काढला तर तळवा हिरवागार. ओला. भिंतीवर मात्र ठसा नाही, काही नाही.

आम्ही हसलो. मी हात लावून बघितला, भिंत खडखडीत वाळलेली. त्याने साबण लावला, रॉकेल लावलं, रंग जाईना. केळीच्या चिकाचा डाग कसा जात नाही, तसा. संध्याकाळी तो निघाला आणि वाटेतून फोन केला, "ताई, असीरगडपर्यंत हात आपोआप साफ झाला. तुझा रंगवाला फालतू आहे."

मी रफीकचाचांना बोलावून घेतलं. त्यांनी पांढरं फडकं घेऊन अख्खी भिंत रगडली. फडकं पांढरंच. म्हणाले, "बाजी, दीवार तो हड्डी जैसी सूखी है. मेरी इज़्ज़त का सवाल है, किसी से भी पूछ लो." मग माझ्यातली बाई जागी झाली, विज्ञानाची. टिपकागद दाबून ठेवला. ओला कापूस फिरवला. शेजारच्या काकूंना टेकून बसवलं. काहीच लागलं नाही.

पुढच्या खेपेला नितीनसोबत बायको, श्वेता, आली. ती भिंतीला टेकून तासभर मोबाइल बघत होती, काही नाही. नितीन "इंदूरचे ऑफिसचे मित्र येणार आहेत, तुझा हॉल बघायचाय त्यांना" असं सांगत दोन मिनिटं टेकला, त्याच्या शर्टाची पाठ हिरवी. तो चिडला. मीही बुचकळ्यात पडले. घामाची काही रिॲक्शन असेल, असं स्वतःला समजावलं. विज्ञानाच्या बाईंना दुसरं काय सुचणार!

ते मित्र आले, नवरा-बायको. मी पोहे केले, मावा जिलेबी मागवली. मोठ्या कौतुकाने खोली न खोली दाखवली, पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. त्या बाई पडद्याला हात लावून म्हणाल्या, "ये परदे यहीं रहेंगे ना?" मला मजा वाटली. म्हटलं, कहाँ जाएँगे, यहीं रहेंगे. नितीन खाली मान घालून जिलेबी खात होता.

आता ती दुपार. नितीन एकटाच आला होता. जेवण झाल्यावर मी म्हटलं, "तू आता वरचेवर येतोस, बरं वाटतं रे." तो भिंतीला हात टेकून उभा होता. म्हणाला, "तुझ्यासाठीच येतो ताई, और किसके लिए?" मी ताटं उचलून आत गेले. भांडी घासून बाहेर आले तर तो मागच्या खोलीत कूलरसमोर घोरत होता.

आणि हॉलच्या दारावर हिरवी बोटं उमटली होती. पुढे आईच्या लोखंडी कपाटाच्या मुठीवर. आतल्या लॉकरवर. ज्या पिशवीत घराची मूळ रजिस्ट्री, म्हणजे मालकीचा कागद, असायची त्या पिशवीवर अंगठा, आणि पिशवी रिकामी. मी पुसायला फडकं घेतलं होतं ते हातातच राहिलं. शेवटची बोटं त्याच्या बॅगेच्या चेनवर होती.

मी आयुष्यात कुणाची बॅग उघडली नाही. त्या दिवशी उघडली.

वर आमची रजिस्ट्री. खाली माझ्या सहीचा कागद, ज्यात मी माझा घरातला हक्क राजीखुशीने भावाला सोडला होता. त्याच्याखाली घर विकण्याच्या सौद्याचा कागद. घेणाऱ्यांचे फोटो लावलेले होते. माझे पोहे खाऊन गेलेले तेच दोघं!

 मी ओरडले नाही. त्याला हलवून उठवलं आणि कागद समोर धरले.  तो म्हणाला, "ताई, तू एकटी या एवढ्या घरात काय करणार? इंदूरला चल ना माझ्याकडे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?"

"आणि हा रंग? हे पडदे? मला कशाला करायला लावलंस हे सगळं?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "चांगलं दिसलं की घर लवकर जातं. सगळेच करतात, ताई."

म्हणजे 'तुझ्या पसंतीनं' हे त्यासाठी होतं. बाकी सगळं एक वेळ सोसलं असतं हो. त्या एका शब्दासाठी मी किती रडले होते, ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याचा असा संताप आला की काय सांगू. त्याला ओढत हॉलमध्ये आणलं, लहानपणी अक्षर गिरवायला धरायचे तसं मनगट धरलं आणि त्याचा तळवा हिरव्या भिंतीवर दाबला. "पागल झालीस का?" तो ओरडला. हात काढला. कोरडा. बोटांना कणभर रंग नाही, मघाचाही गेलेला. भिंतीला आता सांगण्यासारखं काही उरलं नसेल, दुसरं काय म्हणू?

रजिस्ट्री मी काढून घेतली होती. तो बाकीचे कागद घेऊन निघून गेला, जाताना पाया पडला नाही.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. त्यांच्या कानावर गेलं होतं. "काय व पोरी, घर इकून राह्यले म्हने? तुले इचारलं का त्यानं?"

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "हो मामा, माझ्या मर्जीनेच चाललंय. एकटीला एवढं घर काय करायचंय?" भावाची बदनामी नको, आईच्या माहेरी तर नकोच. आईला सांगायचे ना, येऊन गेला, तुझा डोळा लागला होता... तशीच सहज बोलले. फोन ठेवला. डावा हात चिकट लागला. बोलता बोलता भिंतीला टेकवला होता मी तो. बघते तर पाचही बोटं हिरवी.

भीती म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. नळाखाली हात धरला, घासला, सोलून निघाला, तरी हिरवाच. शेवटी तशाच हाताने मामांना परत फोन लावला. "मामा, मघाशी मी खोटं बोलले." सगळं सांगितलं, आईला दिलेल्या थापांसकट.  मामा म्हणाले, "कागद घिऊन बस. मी येतो." ते येईपर्यंत हात स्वच्छ झाला होता. कधी झाला, मला कळलं नाही.

आता वकील केलाय. फसवून सही घेतली असा अर्ज दिलाय, तूर्त विक्री थांबलीय. पुढे काय होईल ते वकीलही सांगू शकत नाहीत. नितीनचा एकच मेसेज आला, 'ताई, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.' तो वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते.

दुकानदाराला विचारलं, रफीकचाचांना विचारलं, आमच्या शाळेच्या केमिस्ट्रीच्या सरांनाही विचारलं. त्याच डब्यातला उरलेला रंग फळीवर लावून बघितला. त्याच्यावर नितीनचा हात टेकवून बघायची सोय आता नाही, पण माझा टेकवून बघितला, खोटंही बोलून बघितलं. काही होत नाही. जे होतं ते त्या भिंतीवरच होतं. कसं, का, मला सांगता येत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त आईचा आत्मा वगैरे लिहू नका, मी मानत नाही.

तुमचा विश्वास बसावा म्हणून एक केलंय. डावा हात भिंतीवर ठेवूनच हे लिहितेय, एका हाताने, त्यामुळे दोन तास लागलेत. इथपर्यंत हात दहा वेळा उचलून बघितला. कोरडा होता.

आता शेवटचं लिहिते आणि थांबते. नितीन यापुढे माझा कुणी नाही. त्याचं मला काहीही वाटत नाही.

...

करंगळीला हिरवं लागलंय.