राईत कोंडलेली शेकरं

आमच्याकडं घरचा वळू घरच्या गाईंवर घालत नाहीत. घातला तर पुढं वासरं मरतुकडी निघतात. म्हणून मेढ्याच्या बाजूचं आमचं गाव वळू कायम खोऱ्यापलीकडून आणतं. सोयरीकसुद्धा भावकीत करत नाही. एवढी अक्कल असलेल्या गावानं शेकरांच्या बाबतीत डोळे मिटून घेतले, त्याचा मला संताप आहे. शाळा माझी चौथीपर्यंत, तरी लिहिणार.

शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, मांजराएवढी खार. जमिनीवर सहसा उतरत नाही, फांदीवरूनच हिंडते. देवाच्या राईपासून वरच्या जंगलापर्यंत जांभळं, हिरडे, अंजनी यांची सलग पट्टी होती. वरचा नर त्या वाटेनं खाली यायचा, खालची पिल्लं मोठी झाली की वर जायची. ती पट्टी राईच्या हद्दीबाहेर, माझ्या पुतण्याच्या वाटणीत. महाबळेश्वरला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या म्हणून त्यानं तिला करवत लावली. मी जाऊन आडवा उभा राहिलो.

"हे काय चालवलंयस रं?"

"आवं तात्या, राईतली एक काटकी तरी तोडली का? देवाचं देवाला ठेवलंय."

"आन् शेकरांनी काय एस्टीनं जायचं?"

"विनंती थांबा मागू की!"

करवतवाले खो खो हसले. पुतण्यानं दंडाला धरून मला बाजूला केलं. राईत चप्पल घालून न जाणाऱ्या, वाळलं पान न उचलणाऱ्या माणसांनी संध्याकाळपर्यंत पट्टीची लाकडं ट्रॉलीत भरून नेली.

पुढं काही वर्षांनी कॉलेजची एक मुलगी राईत शेकरांचे केस आणि लेंड्या गोळा करायला आली. मला म्हणाली, "आजोबा, ही सगळी एकाच घरातली झालीत. बाहेरचं रक्त येत नाही, म्हणून पिल्लं जगत नाहीत."

मी तिच्यावरच खेकसलो, "मला काय सांगतीस? गावाला सांग!"

तिनं गावालाही सांगितलं. खोल्यांच्या कुंपणाच्या कडेनं झाडांची ओळ परत लावा, ती वाढेपर्यंत शेकरांना जायला वरून दोर बांधू, म्हणाली. गावानं तिला चहा पाजून वाटेला लावलं. पुतण्या म्हणाला, "झाडं आली की खोलीतनं डोंगर दिसत न्हाई. पाहुणे डोंगर बघायला येत्यात, खारी न्हाई."

यंदा राईत शेकराचं एकच घरटं भरलेलं दिसलं. बाकीची म्हणजे नुसते काटक्यांचे गोळे.

जत्रेत देवाचा पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराचा. सगळा गाव जमला होता, पालखी थांबली होती. मी नारळ हातात घेतला आणि पुतण्याला म्हणालो, "झाडांची ओळ परत लावतो म्हणून इथं देवासमोर बोल. मग फोडतो."

त्यानं पालखीवाल्यांकडं मान वळवली.

एक म्हातारा मागून ओरडला, "आवं, खारीसाठी देवाचा खोळंबा करता व्हय?"

"देवाच्याच राईतली हाय ती! न्हाई बोलत ना? मग तुमचा तुमी फोडा."

नारळ पुतण्याच्या हातात ठेवून मी उतारानं घरी निघालो. नारळ फुटल्याशिवाय हलगी वाजत नाही; अर्ध्या वाटेत ती वाजली. म्हणजे त्यानंच फोडला. पिढ्यान् पिढ्यांचा मान माझ्या हातून गेला, गेला तर जाऊ दे. पुढच्या वर्षी बोलावलं तरी मी हेच विचारणार आहे. नाही बोलावलं तर न बोलावता जाऊन विचारणार आहे.