'मोकळंच हाय, येऊ दे!'

नरसम्माचं नाव आधी लिहितो. नाहीतर सांगण्याच्या भरात जिच्यामुळे हे सांगायला मी उरलो, तीच मागे राहायची. सोलापुरात साखर पेठेच्या बाजूला विणकरांचा एक बोळ आहे. तिथे नरसम्माचं घर, आणि त्या घराच्या पडवीत भाड्याने मी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि सावली, यापलीकडे तिला काही दिसत नाही. एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

आता माझं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या वेंगुर्ल्याकडे भुता-देवचाराच्या गोष्टी पेजेबरोबर वाढतात, पण मला त्या कधी पचल्या नाहीत. मराठी चौथीनंतर शाळा सुटली. मग बेळगावला एका गॅरेजात हात काळे केले आणि तिथून फटफटी चालवायला म्हणून इथे आलो. इंजिनाला पेट्रोल लागतं आणि ठिणगी लागते. तिसरं काही लागत नाही, अशी माझी समजूत.

माझे मालक डॉक्टर. पूर्वी ते रोग्यांकडे टांग्याने जात. मग विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची फटफटी त्यांनी घेतली. काळी कुळकुळीत, डाव्या बाजूला डॉक्टरांना बसायला साइडकार. ती दारात आली त्या दिवशी अर्धी गल्ली लोटली. कुणी दिवा चोळून बघतोय, कुणी हॉर्न दाबतोय. डॉक्टरांच्या आई — आम्ही त्यांना थोरल्या बाई म्हणतो — खिडकीतून सगळं बघत होत्या.

"केवढ्या माणसांनी बघितली रे सदा," मला म्हणाल्या. "चांगलं नाही ते."

पुढच्या अवसेला सकाळी त्या खाली आल्या. हातात बिब्बा आणि काळा दोरा. माझ्याकडून फटफटीचा दिवा धरवून घेतला, दोरा त्याच्या दांडीला गुंडाळायला लागल्या आणि एकेक नाव घेऊन एकेक गाठ मारायला लागल्या. "आल्याची, गेल्याची. वाटेवरच्याची, दारावरच्याची. टांगेवाल्याची, गाडीवाल्याची, सायकलवाल्याची, मोटारवाल्याची… कुणाचा म्हणून डोळा हिच्यावर आणि हिच्यावर बसणाऱ्यावर पडायचा नाही."

डॉक्टर ओट्यावर दात घासत होते. म्हणाले, "आई, बैलाची राहिली."

"बैलाची कधी दृष्ट लागते का? चेष्टा नको सांगितलंय ना तुला!"

मी पण हसलो, मनातल्या मनात.

त्यानंतर लगेचच सुरू झालं. डॉक्टरांना घेऊन सात रस्त्याच्या चौकात वळत होतो. समोरून बशीरभाईंचा टांगा. हे बशीरभाई डॉक्टरांचे जुने टांगेवाले, मला नावाने ओळखणारे. मी हॉर्न दिला, हात केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं… आणि टांगा सरळ माझ्या अंगावर घातला. घोडाच बिचकून उभा राहिला म्हणून वाचलो. मी खाली उतरलो तसे बशीरभाई दचकले.

"अरे सदा! तू किधर से निकला रे?"

"समोरून येतोय की! हॉर्न नाही ऐकला?"

"आवाज तो आयी, पन रस्ता खाली था ना बा. अल्ला कसम, खाली था."

डॉक्टर साइडकारमधून म्हणाले, "टांगा सोडला म्हणून पोटात दुखतंय त्याच्या. चल."

मलाही तसंच वाटलं. पण मग अक्कलकोटच्या रस्त्याला एक कापसाची गाडी समोर आली. उघडं माळरान, डोक्यावर ऊन, आडोसा म्हणून एक झाड नाही. बैलांनी मला लांबूनच बघितलं आणि अंग चोरून बाजूला व्हायला लागले. गाडीवान त्यांना हाणतोय, माझ्याच दिशेला वळवतोय आणि म्हणतोय, "का बिचकालाय रं? पुढं काय हाय का? काय न्हाय की!" मी त्याच्या पुढ्यातच होतो. त्याच्या दातातली तंबाखू मला दिसत होती! मी फटफटी रस्त्याकडेच्या चारीत घातली, तेव्हा कुठे गाडी निघून गेली. त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं. ते शास्त्र मानणारे. म्हणाले, "धूळ असते, काळी गाडी, तुझा काळा कोट. लोकांना फटफटीची सवय नाही. दिसेल असं राहायला शीक." त्यांनी मला स्वतःचा जुना पांढरा कोट दिला. भर दुपारी दिवा लावून जायला लावलं. पितळेचा मोठा भोंगा आणला. मी रस्त्याच्या मधून चालवायला लागलो, वळायच्या आधी हात लांब करायला लागलो, प्रत्येक नाक्यावर ओरडायला लागलो. लोक आवाजाच्या दिशेने बघत. त्यांचे डोळे माझ्यावरून असे घसरून जात, जणू मी काच आहे. गाडीवरून उतरलो की, "काय सदा, बरं हाय का?" आणि पुन्हा वर बसलो की… कुणी नाही.

तो दोरा एकदा मनात आला. नाही असं नाही. पण थोरल्या बाईंनी बांधलेला तोडायला हात धजेना. आणि तोडला म्हणजे मी ते खरं धरलं, असं झालं असतं. माझं मलाच ते पटेना.

अन्न गोड लागेना. नरसम्माला ते भांड्याच्या आवाजावरून कळलं.

"एमय्या सदय्या, घास का उतरंना झालाय?" एमय्या म्हणजे काय रे, आणि मला ती सदय्याच म्हणते.

"नरसम्मा, मी रस्त्यात कुणाला दिसत नाही."

"मला तर घरात पण दिसत नाहीस. मी काय रडालेय काय?"

तिची सून हसून लोळली. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. विचारलं, "मग मी आलो ते तुला कसं कळतं?"

"तुझी गाडी खोकती की! आमच्या मामंजीसारखी. बोळाच्या तोंडापास्नं कळतं मला."

त्यानंतरची ती संध्याकाळ. डॉक्टर एका रोग्याकडे थांबले होते आणि मला दवाखान्यातून औषध आणायला पाठवलं होतं. मिलच्या फाटकासमोरून जायचा रस्ता. अजून चांगलं ऊन होतं. मी फाटकाशी आलो आणि मिलचा भोंगा झाला. फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडला. मी थांबलो. उजवीकडे सुताच्या गाठोड्यांनी भरलेली एक बैलगाडी गर्दीत अडकून उभी होती. गर्दीच्या रेट्याने ती सरकली आणि तिच्या आखाचं टोक माझ्या पायावर आलं. उजवा पाय फटफटी आणि आख यांच्या मध्ये. हलवता येईना. डावीकडे साइडकारचं चाक गटाराच्या कडेला. मागे माणसं.

आणि समोरून एक लॉरी उलटी, मागे मागे येत होती.

कापसाच्या गाठी गच्च भरलेली लॉरी. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं. त्याचा जोडीदार, चांगला मिशाळ माणूस, खाली उतरून मागून वाट दाखवत होता. तो माझ्या समोर, अगदी बोलण्याच्या अंतरावर उभा होता. माझ्याकडे तोंड करून.

मी भोंगा दाबला. ओरडलो, "थांबवा! पाय अडकलाय माझा!"

त्याने थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हात हलवून ड्रायव्हरला म्हणाला, "मोकळंच हाय, येऊ दे! येऊ दे!"

मी दोन्ही हात वर केले. अंगात पांढरा कोट, पुढे दिवा पेटलेला. गर्दीतली माणसं थबकून म्हणत होती, "कोन ओरडालंय रे?" आणि इकडे तिकडे बघत होती. एकजण तर माझ्या खांद्याला घासून गेला आणि आपलाच दंड चोळत पुढे निघाला. बैल मात्र माझ्याकडे मान वळवून बघत होते. डोळे पांढरे करून.

"येऊ दे… अजून येऊ दे…"

लॉरीचं मागचं फळकूट माझ्या दिव्याच्या उंचीला होतं. ते जवळ आलं. मी "आये!" म्हणून किंचाळलो. मनात आलं, आता मरेन आणि मेलेला तरी यांना दिसेन की नाही?

तेवढ्यात मिलच्या भिंतीकडून आवाज आला, "सदय्या?"

नरसम्मा. रंगाऱ्याकडून सूत घेऊन ती रोज त्याच भिंतीला हात लावत घरी जाते. डोक्यावर ओल्या तांबड्या लडींचा भारा.

"नरसम्मा, लॉरी! माझ्यावर येतेय!"

तिने काय ताडलं मला ठाऊक नाही. ती गर्दीत घुसली, लोकांना कोपरांनी बाजूला करत, "पक्ककु! पक्ककु!" — बाजूला, बाजूला — असं तिच्या तेलुगूत ओरडत. आणि आवाजाच्या अंदाजाने तो सगळा भारा तिने माझ्यावर टाकला. थंडगार, जड, रंग गळणाऱ्या लडी. डोक्यावर, खांद्यावर, हॅन्डलवर, दिव्यावर. त्याच झोकात ती माझ्यावर येऊन पडली आणि आधारासाठी तिचा हात पुढे गेला, नेमका दिवा आणि ते फळकूट यांच्या मध्ये.

"थांब! थांब! मानूस! मानूस हाय रे!" मिशाळ माणूस जिवाच्या आकांताने ओरडला.

लॉरी थांबली. दिव्याची काच फुटली होती. नरसम्माचं मनगट मोडलं होतं.

लोकांनी बैलगाडी उचलून माझा पाय सोडवला. तो मिशाळ माणूस रस्त्यावरच बसला. मी त्याची गचांडी धरली. "माझ्या तोंडाकडे बघत होतास की नाही?"

"आईशप्पत सांगतो, मोकळं हुतं! आवाज येत हुता, पर मला वाटलं गर्दीतनं येतोय. मग तांबडं सूत दिसलं. अधांतरी. कशावरच न्हाई, नुसतं हवेत हुबं… आनि मंग त्याच्या खाली तुमी."

हे त्याने घाबरून रचलं असेल, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण रचायचं तर माणूस स्वतःला वाचवणारं रचेल.

त्याच रात्री डॉक्टरांनी नरसम्माचं हाड बसवलं. मला म्हणाले, "मावळतीचं ऊन त्याच्या डोळ्यांवर असणार." पण ऊन त्याच्या पाठीला होतं. डोळे मी बारीक केले होते, त्याने नाही. सकाळी फटफटी धुताना बघितलं तर दिव्याच्या दांडीवर दोरा नव्हता. काचेबरोबर तुटला, की लडींबरोबर ओढून निघाला, की कुणी काढला… सापडला नाही. थोरल्या बाईंनी दांडीकडे बघितलं आणि आत गेल्या. नवा काही बांधला नाही.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना दिसतो. बशीरभाई लांबूनच टांगा बाजूला घेतात. पांढरा कोट मी अजून घालतो, दिवा दिवसाही लावतो, आणि तरी प्रत्येक नाक्यावर समोरच्याचे डोळे माझ्यावर थांबतात की नाही ते आधी बघतो. थांबले की मगच पुढे. खरं काय होतं ते मला आजही उलगडलेलं नाही. दोरा असेल, धूळ असेल, माझ्याच डोक्यात काही असेल. पण मग बैलांना मी का दिसत होतो, हे कुणी सांगावं.

नरसम्माचा हात बरा झाला, पण मनगट वळत नाही. रहाटावर सुताची कांडी भरणं सुटलं. हातांनीच बघणारी बाई ती, त्यातला एक हात माझ्यामुळे गेला. मी एकदा रडलो तिच्यासमोर. म्हणाली, "गप रे. सूत खराब झालं त्याचं कोण रडालंय का बघ आधी."

परवा ती तिच्या माहेराबद्दल बोलत होती. निजामाच्या मुलखात कुठेतरी लांब. लग्न होऊन इकडे आली, त्यानंतर जाणं झालं नाही. मुलांना मागावरून उठायला सवड नाही. "तिथलं तळं भरलं की सांडव्यावरनं पाणी पडतंय," म्हणाली, "त्याचा आवाज घरात येतोय. तेवढं एकदा ऐकायचं होतं."

मी तिला तोंडावर काही बोललो नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. कधी जमेल माहीत नाही. रस्ते कसे आहेत तेही माहीत नाही. पण डॉक्टरांकडे रजा मागेन, फटफटी मागेन आणि नरसम्माला साइडकारमध्ये बसवून त्या तळ्याच्या काठापर्यंत घेऊन जाईन. तिथे पोचलो की इंजिन बंद करीन आणि तिचं पोटभर ऐकून होईपर्यंत एक शब्द बोलणार नाही.