खोक्यात ठेवलेल्या आया

हिवरखेडच्या स्टँडवर बाबांनी मला अकोल्याच्या गाडीत बसवलं तेव्हा मी चौथीत होते. खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून त्यांनी बाहेरूनच आपला दुपट्टा सीटवर टाकला होता. मावशी माझ्या शेजारी, माझ्या मांडीवर कपड्यांची पिशवी, पिशवीत वरच शेजारी राहणाऱ्या काकूनं बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू. माय जाऊन महिनाही झाला नव्हता. गाडी सुटेपर्यंत बाबा खिडकीखाली उभे होते आणि राहून राहून एकच वाक्य म्हणत होते, "चार दिवस राहून पाह्य. नाई करमलं तं मी घ्यायले येतो." गाडी हलली तेव्हा त्यांना आठवलं की दुपट्टा आतच राहिला. ते थोडे धावले, मग थांबले आणि हातानंच 'राहू दे' म्हणाले.

गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे निघाले त्यांच्यासाठीही. पुण्याला, बंगलोरला, त्याहून लांब गेलेले हसतील. हिवरखेडहून अकोला आणि अकोल्याहून अमरावती, हे काय गाव सोडणं झालं? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं! खरं आहे. पण पोचता येतं म्हणून कोणी जातं का? लांबचा माणूस निदान सुट्टी काढून येतो. आम्ही जवळचे 'जाऊ की पुढच्या रविवारी' म्हणत वर्षं घालवतो.

अकोल्याला माझं काही वाईट झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. मावशीबद्दल कोणी वाकडा शब्द काढलेला मला आजही चालत नाही. ती स्वतःच्या पोरींच्या आधी मला वाढायची. पण पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला. ती घरच्यांना बजावत होती, "पोट्टीसमोर तिच्या मायचं नाव काढू नका. मनाले लावून घेईन." घरानं ते अक्षरशः पाळलं. बैठकीतला लग्नाचा ग्रुप फोटो भिंतीवरून उतरला, कारण मागच्या रांगेत माय उभी होती. मावशीच्या पोरी माझ्यासमोर 'आई' अशी हाक मारतानाही आवाज बारीक करायच्या. बाबा दिवाळीला यायचे, खुर्चीच्या टोकावर बसून चहा प्यायचे. त्यांनाही सांगून ठेवलेलं होतं. "करमते ना?" एवढंच विचारायचे, आणि मी "हो" म्हणायचे. नाही म्हटलं तर मावशीला वाईट वाटेल, ही भीती. त्यांनाही बहुधा 'हो'च ऐकायचं असावं, घरात बाईमाणूस नसताना ते मला कुठे नेणार होते? असे ते चार दिवस लांबत गेले. शाळा झाली, कॉलेज झालं, लग्न होऊन मी अमरावतीला आले. मायचं नाव कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही.

गेली बरीच वर्षं मी राजापेठेत लहान मुलांच्या एका वाचनालयात काम करते. खाली दुकानं, वर शिकवणीचे वर्ग, मधल्या मजल्यावर आम्ही. शनिवारी दुपारी गोष्टीचा तास असतो. मोठ्या मुलाला वर ट्यूशनला पोचवून आया धाकट्याला आमच्याकडे बसवतात. त्या तासासाठी पुस्तक निवडणं हे माझं काम, आणि त्यात मी कोणाचं ऐकत नाही. हिवरखेडला असताना मी पाहिलेली चित्रं म्हणजे शाळेच्या पुस्तकातली आणि किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरची. म्हणून असेल, पण चित्राच्या बाबतीत मी फार खाष्ट आहे. पुस्तक खुर्चीवर उभं करायचं आणि हॉलच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बघायचं. तिथून कोल्हा कोल्हाच दिसला पाहिजे, कुत्रा नाही. कागद गुळगुळीत असेल तर ट्यूबलाइट त्यात चमकते आणि अर्ध्या मुलांना नुसता उजेड दिसतो. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात हत्तीचं तोंड नेमकं शिवणीत गेलं असेल तर ते पुस्तक बाद. मजकूर थोडका हवा, कारण पुस्तक मुलांकडे तोंड करून धरलं की मला अक्षरं दिसत नाहीत, सगळं पाठ असावं लागतं. आणि शेवटी 'तर मुलांनो' असं काही असेल तर मी ते घेतच नाही. मुलं तेवढ्यात चपला शोधायला उठतात.

सना तिच्या अम्मीबरोबर यायची. पाच वर्षांची, पुढच्या रांगेत, माझ्या गुडघ्याला टेकून बसणारी. अम्मी दाराशी बसायची, लेकीच्या चपला जवळ घेऊन, आणि गोष्ट मुलांसारखीच तोंड उघडं टाकून ऐकायची. पावसाळा संपता संपता ती डेंग्यूनं गेली. काही शनिवार सना दिसली नाही. मग तिचे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, तिला घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाद्यांचं दुकान आहे, बाहीला नेहमी थोडा कापूस चिकटलेला असतो. सनाला आत सोडून ते जिन्यात मला म्हणाले, "मॅडम, बच्चीसमोर अम्मीचा विषय काढू नका. घरात आमी सगळ्यायनं बंद केला हाय. हळूहळू भूलून जाईन." मी म्हटलं, "चाचा, अजिबात काळजी करू नका." मला ते इतकं बरोबर वाटलं की विचारसुद्धा करावा लागला नाही.

सोमवारी मी कपाटं उघडून बसले. इतकी वर्षं ही पुस्तकं हाताळली, पण त्यात इतक्या आया आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं. हरवलेलं वासरू शेवटच्या पानावर गाईला भेटतं. खारीचं पिल्लू अंधाराला घाबरतं, खार त्याला कुशीत घेते. रुसून घर सोडलेला उंदीर कोपऱ्यापर्यंत जातो आणि भूक लागली की परत येतो, तर आई दारात उभीच. एका पुस्तकात आई नाही असं वाटून हायसं झालं, तर मागच्या चित्रात खिडकीतून ती हाक मारत होती. मी एकेक काढत गेले, खोक्यात भरत गेले आणि स्टुलावर चढून खोकं कपाटावर ठेवलं. खाली उरले ट्रक, आगगाड्या, फळं, ढग आणि एक पतंग.

मग शनिवारमागून शनिवार मी ट्रक वाचले. मुलं कंटाळली. एखादं मध्येच "माझी आई ना" म्हणालं की मी डोळे मोठे करायचे आणि पान उलटायचे. सनानं माझ्या गुडघ्याला टेकणं सोडलं, ती जरा लांब बसायला लागली. मला वाटलं, पोरगी सावरते आहे.

एका शनिवारी सगळे गेले आणि नानांना दुकानातून निघायला उशीर झाला. मी पुस्तकं जागेवर लावत होते. सना मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, तुमची अम्मी बी अल्लाच्या घरी गेली का?"

"कोणी सांगितलं तुला?"

"तुमी अम्मीवाली किताब आणतच नाई आता."

मी "हो" म्हटलं. हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारत होतं. सनानं समजुतीनं मान हलवली, कोणी गेल्यावर आपल्याकडे भेटायला आलेल्या बाया हलवतात तशी. मग म्हणाली, "कशी होती?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. आठवली ती पाठ. बाजाराला जाताना मी मायच्या मागे मागे चालायचे, तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून. डोक्यावरची टोपली आठवली, मानेवरचा घाम आठवला. ती वळली असती तर चेहरा दिसला असता, पण ती वळेना. "चांगली होती," मी म्हटलं. तेवढ्यानं सनाचं समाधान झालं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन लावला. बाबा हिवरखेडलाच असतात, चुलतभावाकडे जेवतात, ऐकू कमी येतं. आमचं बोलणं ठरलेलं: जेवले का, गोळ्या घेतल्या का, कपाशी कशी आहे. त्या दिवशी मी ओरडूनच विचारलं, "बाबा, माय कशी दिसे?" ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडले. मग बाबा म्हणाले, "काहून इचारून राहिली आज?" आणि मग, "तुह्या मावशीनं सांगतलं होतं, नाव काढू नका. मी कोणापाशीच नाई काढलं बेटा. आता आठवाले बसतो तं मलेच नाई दिसत."

मी फोन ठेवला आणि लहान पोरीसारखी रडले. मावशी गेल्यावर तो ग्रुप फोटो मी शोधून काढला होता. ओल लागून मागच्या रांगेचा पापुद्रा काचेला चिकटून गेलेला. तेव्हा वाटलं होतं, असू दे, बाबांना तर ठाऊक आहे. आता तेही गेलं. राग आला, पण कोणावर काढायचा? सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं होतं. त्या भल्यापायी आम्ही दोघांनी, बापानं आणि लेकीनं, एका जीवाभावाच्या माणसाला नीट विसरून दाखवलं. आणि मी आता तेच सनाला शिकवत होते, पुस्तकं निवडून निवडून.

पुढच्या शनिवारी मी नानांना जिन्यातच गाठलं. म्हटलं, "आज आईचं पुस्तक वाचणार आहे. सनाला सगळं कळतं, चाचा. आत्ता कोणी काही बोललं नाही तर मोठेपणी तिच्याकडे आठवायला काही राहणार नाही. मी माझ्यावरून सांगते." ते कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, तिची अम्मी होती, बरोबर हाय. पण माही बी पोट्टी होती ना ते. नाव निंगालं का माह्यानं दुकानात बसवत नाई." आपण सगळे सनाला जपतो आहोत असं मी इतके दिवस धरून चालले होते. "तुम्ही खाली थांबा," मी म्हटलं. ते थांबले नाहीत. माझ्यामागून वर आले आणि दाराशी बसले, सनाच्या चपला हातात घेऊन.

मी खोकं खाली काढून ठेवलं होतं. रुसलेल्या उंदराचं पुस्तक घेतलं. मुलं खूश झाली, किती दिवसांनी ट्रक नव्हता! उंदीर रुसला, निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला, भूक लागली. शेवटचं पान उलटलं आणि दारात उभी असलेली आई आली. मी पुस्तक तसंच धरून बसले. मुलांना वाटलं, चित्र बघायला वेळ दिला आहे. मग कोणी म्हणालं, माझी आई अशी उभी राहून ओरडते. कोणी म्हणालं, माझी तर मारते. मी डोळे मोठे केले नाहीत.

सना म्हणाली, "माझी अम्मी लाल ओढणी घेऊन उभी राहे."

"हिरवी," दाराकडून आवाज आला. "हिरवी होती, बेटा."

सनानं मागे वळून पाहिलं. नाना चपलांकडे बघत होते. "लाल बी होती," ती म्हणाली.

"हो. लाल बी होती."

आता सगळं छान झालं असं मी सांगणार नाही, मला तसल्या शेवटाची चीड आहे. त्या दिवसानंतर नाना वर आलेले नाहीत. सनाला जिन्याशी सोडतात, माझ्याकडे न बघता जातात. माझ्यावर रागावलेत की काय, कोण जाणे. सना परत गुडघ्याला टेकून बसते, पण गोष्ट चालू असताना मध्येच उठून दारापर्यंत जाते, रिकाम्या जागेकडे बघते आणि येऊन बसते. मी तेवढा वेळ पान उलटत नाही.

गेल्या आठवड्यात भरदुपारी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी करत नाहीत, त्यामुळे मी हातातलं काम टाकून तो उचलला. पलीकडून ओरडले, "दात!"

"काय झालं, बाबा?"

"तुह्या मायचा समोरचा दात थोडा तुटेल होता. म्हून हासताना तोंडाले पदर लावे ते. आज आठवलं. अजून काई आठवलं तं सांगतो." आणि फोन ठेवून दिला.

माझा मुलगा पुण्यात असतो. "घरी येतोय," असं तो फोनवर म्हणतो तेव्हा त्याचं घर म्हणजे मी असते, हे मला कळतं आणि त्याचा थोडा हेवाही वाटतो. मला कोणी घर विचारलं तर मी अमरावती सांगते, कागदोपत्री तेच आहे. हिवरखेडला गेले की मला पाहुणीसारखी खुर्ची देतात. नाई करमलं तं घ्यायले येतो, असं बाबा म्हणाले होते. मी किती तरी दिवस मावशीच्या फाटकाशी उभी राहून वाट बघितली, मग सोडून दिली. आता ते आले आहेत, ऐंशीच्या घरात, हातात एक तुटका दात घेऊन. बाकीचा चेहरा काही आता यायचा नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. बाजाराच्या वाटेवर माय अजून पाठमोरीच चालते. पण मध्येच तिला कशाचं तरी हसू येतं आणि तिचा पदर धरलेला हात तोंडाकडे जातो, एवढं मला आता मागून दिसतं. माझं घर तेवढंच आहे.