धानाच्या झालरीचं नवं दुकान

पुण्याच्या नोकरीवर जाण्याआधी मुलगी आमचं ऑनलाइन दुकान नवं करून देणार होती, आणि ते लवकर होऊ नये असं मला वाटत होतं. हे तोंडाने बोलायची सोय नव्हती. म्हणून मी खुसपटं काढत होते.

दुकान म्हणजे धानाच्या झालरी. भाताच्या लोंब्या देठासकट वेणीसारख्या गुंफायच्या, दाणे खाली लोंबते ठेवायचे, आणि दिवाळीला दारावर टांगायच्या. नवं धान घरात आलं की पहिला घास चिमण्यांचा, अशी इकडच्या हिंदी मुलखातली रीत. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या शेजारणीने मला गुंफायला शिकवलं आणि मी जवळच्या अभनपूरहून लोंब्या मागवून चक्क विकायलाच बसले. दुकानाचं जुनं पान मुलीने कॉलेजात असताना बनवलं होतं. ते सारखं अडकायचं, फोटो धुरकट दिसायचे, पण त्यात एक गोष्ट झकास होती. ऑर्डर आली की खबर तिच्या फोनवर जायची. ती आतल्या खोलीतून ओरडायची, "आई, ऑर्डर!" मी हातातली लोंबी न सोडता विचारायची, "कुठली?" मग ती गाव सांगायची. कधीकधी दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच व्हायचं, पण व्हायचं.

नव्या दुकानात खबर थेट माझ्या फोनवर येणार होती.

"अब आपको मेरी ज़रूरत ही नहीं पड़ेगी," ती खुशीत म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र शाळेत गेल्यापासून हिंदीतूनच.

माझ्या जिवाला चैन पडेना. लोंब्या भिजत घालायची आणि विसरून जायची, गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन उभी राहायची. मग परत येऊन तिच्या खुर्चीमागे. "हा रंग बदल, डोळ्याले टोचून राहिला." तिने बदलला. "अक्षरं लहान हायेत." तिने मोठी केली. झालरीसोबत निरोप पाठवायचा असेल तर लिहायला खाली एक चौकोन होता, त्यावर मी अडून बसले.

"हे काहून ठेवलं? झालरीसंगं कोन चिठ्ठी लिहिते?"

"गिफ्ट भेजने वाले लिखते हैं, आई."

"कोनी नाही लिहत. काढून टाक."

तो तेवढा तिने काढला नाही.

"पोट्टी तेलीबांध्याच्या ऑफिसातून थकून येते, तरी तुह्यं काम करून राहिली," आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "नि तू त्यात खोडा घालून राहिली."

मी म्हटलं, "तुमी पेपर वाचा."

रविवारी सकाळी ऊन चांगलं पडलं म्हणून तिने विकायला तयार असलेल्या सगळ्या झालरी अंगणातल्या दोरीवर ओळीने टांगल्या. फोटो काढायचे होते. तेवढ्यात फोनची बॅटरी उतरली. फोन चार्जिंगला लावून आम्ही दोघी चहाला बसलो. झालर टांगली म्हणजे चिमण्यांना आवतण गेलं, हे या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण तिच्या डोक्यात फक्त ऊन आणि सावली होती, आणि माझ्या डोक्यात तिची बॅग.

बाहेर आलो तेव्हा अंगणभर टरफलं. दोरीवर चिमण्यांची ही गर्दी. "आई!" म्हणून ती टॉवेल घेऊन धावली. मी तिचा हात धरला.

"हाकलू नोको. झालरीवरची चिरई हाकलत नसतात."

ती रडवेली होऊन उभी राहिली. मला मात्र, खरं सांगते, मनात उकळ्या फुटत होत्या. माल गेला, आता नव्या झालरी गुंफेपर्यंत दुकान लांबलं. तिला पुण्याला रुजू व्हायची तारीख एकदोन दिवस पुढे मागावी लागेल, इथपर्यंत मी पोचलेसुद्धा. तेवढ्यात ती आत गेली, फोन घेऊन आली आणि पायरीवर बसून अर्धवट खाल्लेल्या झालरींचे फोटो काढत सुटली. एका चिमणीच्या चोचीत दाणा होता. तोच फोटो दुकानाच्या माथ्यावर बसला, आणि संध्याकाळी दुकान सुरू झालं. ज्या चिमण्यांच्या भरवशावर मी होते, त्यांनीच काम उरकून दिलं.

ती गेली.

फोनवर विचारायची, "कैसी हो?" मी म्हणायची, "मस्त." "दुकान?" "पळून राहिलं." ते खोटं नव्हतं. माझा फोन वाजायचा, मी पत्ता वाचायची, झालर खोक्यात घालायची, कुरिअरवाला आपोआप दारात यायचा. कोणाला काही विचारावं लागत नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा. सवयीने तोंडातून "कुठली?" निघायचं. बाहेरून हे म्हणायचे, "मले काय मालूम?"

एका दुपारी फोन वाजला. सगळ्यात लांब झालर मागवलेली. पत्ता पुण्याचा, तिच्या खोलीचा. आधी वाटलं, दुकान नीट चालतंय का ते तपासत असेल. मग खाली पाहिलं. त्या निरोपाच्या चौकोनात चक्क मराठीत लिहिलं होतं.

"लांबवाली पाठव. खिडकी मोठी आहे. अजून एकही चिरई आली नाही. मले करमून नाही राहिलं, आई."

मी ते पुन्हा वाचलं. मग फोन घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी गेले आणि ओरडले, "ऑर्डर!"

ह्यांनी बाहेरून विचारलं, "कुठली?"

गाव सांगायचं सोडून मी सगळ्यात लांब झालर खोक्यात घालायला घेतली.