कडू लागतं का?

केशोरीच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला एक माणूस चहापत्ती घेऊन बसायचा. लाकडी खोक्यात सुटी पत्ती, वर फडकं. गोंदियाहून यायचा, हिंदी बोलायचा. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि आमच्या गावात चहा म्हणजे स्टेशनावरच्या आणि साहेब लोकांच्या पिण्याची वस्तू. मी कधी चाखला नव्हता. त्याने चिमूटभर पत्ती माझ्या तळहातावर ठेवली. वास चांगला होता, म्हणून छोटा पुडा घेतला.

"बाई, पानी उबले तो उतार लो. चुटकीभर पत्ती डालो, ढक्कन रखो. सौ तक गिनो और छान लो. जादा रखी तो कडवी. नींद तो ऐसी भगाती है कि पूछो मत."

"मले शंभर मोजता येते," मी म्हटलं.

"तो समझो आधी चाय बनाना आ गया."

घरी सासूबाईंनी पुडा सोडून पाहिला. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

"पालाच आणाचा होता तं रानात काय कमी हाय? माह्या चुलीवर हे नाही चढणार."

मी पुडा फळीवर ठेवला. वाद घालायला वेळ नव्हता. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू होता; रोज पहाटेपासून सारे चिखलात.

सहा-सात दिवसांनी भर दुपारी माझ्या धाकट्या दिराला चौघांनी भाताच्या बांधीतून उचलून आणलं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय ठेवताना साप चावला होता. साप कोणीच नीट पाहिला नाही. एक म्हणाला काळा, दुसरा म्हणाला पट्ट्यापट्ट्याचा. घोट्याच्या वर दोन ठिपके होते. त्याच्या बायकोला सातवा महिना चालू होता. ती दाराला धरून उभी राहिली. माझे यजमान बैलबंडी घेऊन गोंदियाला गेलेले, दवाखाना लांब. गावातल्या भगताला बोलावलं. गावात कोणाला साप चावला की तोच यायचा.

त्याने आधी हिरव्या मिरच्या चावायला लावल्या. मग कडुनिंबाचा पाला. विष चढलं असेल तर चव कळत नाही, असं सारे मानत.

"कडू लागते का?"

दीर पाला चघळत राहिला. "काहीच नाही लागून राहिलं."

भगताचा चेहरा उतरला. "जहर चढलं. याले झोपू नोका देऊ. झोपला का गेला."

आणि त्याचे डोळे मिटतच होते. लोक त्याला हलवत होते, गालावर मारत होते. मी नुसती बघत बसणारी नव्हे. माझ्या डोक्यात दोन गोष्टी आल्या. एक, हा माणूस आठवडाभर पहाटेपासून रोवणा करतो आहे, त्याला तशीही झोप येणारच. दुसरी, ज्याचं तोंड सकाळपासून चुना-तंबाखूने भरलेलं आणि वरून चार मिरच्यांनी भाजलेलं, त्याला निंब काय कळणार? पण हे बोलायची हिंमत झाली नाही. माझं चुकलं असतं तर?

मला पत्तीवाल्याचं झोपेचं बोलणं आठवलं. फळीवरून पुडा काढला आणि चुलीवर पाणी ठेवलं.

"काऊन? काय करून राहिली?" आत्याबाई मागे येऊन उभ्या.

"झोप उडवाचं हाय."

"आन त्या पाल्यानं काही झालं तं? माह्या पोराले काही झालं तं?"

तो गेला असता तर सापाचं नाव कोणी घेतलं नसतं, माझंच घेतलं असतं. जन्मभर. तरी मी पुडा पाण्यात रिकामा केला, सगळाच. झाकण ठेवलं आणि मोजायला लागले. चाळीसपर्यंत आले तेवढ्यात बाहेरून ओरडा झाला, "डोये मिटले, डोये मिटले!" मी धावले. त्याला बसता केला, तोंडावर पाणी मारलं, चूळ भरायला लावली, एकदा नाही, चार-पाच वेळा. आत येऊन झाकण काढलं तेव्हा शंभर केव्हाच उलटून गेले होते. पाणी काळंकुट्ट. गाळलं, वाटीत ओतलं, फुंकर घातली.

अंगणात आले. मी त्याचं डोकं धरलं आणि वाटी तोंडाला लावली. एक घोट गेला. दुसरा त्याने थुंकला, माझ्याच लुगड्यावर.

"वयनी! हे काय पाजून राहिली? साप बरा होता!"

"कायले थुंकला?"

"कडू जहर हाय!"

"पुन्हा सांग. कडू लागते?"

"तूच पिऊन पाहाय ना!"

दाराजवळ त्याची बायको तेव्हा पहिल्यांदा रडली. आत्याबाईंनी माझ्या हातातून वाटी घेतली. मला वाटलं फेकतात. त्यांनी ती त्याच्या तोंडाला लावली आणि दरडावलं, "पे. सारा पे."

तो पीत गेला, शिव्या देत गेला. दिवस मावळला तेव्हा तो खाटेवर बसून भात मागत होता. पाय सुजला, चार दिवसांनी उतरला.

चहाने तो वाचला असं मी म्हणत नाही. साप बिनविषारी असेल. पण गावाने ऐकलं नाही. पुढच्या बाजारात पाहते तर आमच्या गावच्या तीन बाया पत्तीवाल्यासमोर, "सापाची पत्ती दे" म्हणत उभ्या. उद्या कोणाला नाग डसला आणि घरचे चहा उकळत बसले तर? मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं की ही दवा नाही, साप चावला की दवाखान्याची वाट धरा. पत्तीवाल्याकडे वळले, "सांग या बायायले."

त्याचा तीन पुड्यांचा धंदा बुडत होता. तरी म्हणाला, "बाई सच बोलती है. चाय है, दवा नहीं." मग हळूच मला विचारलं, "कितनी डाली थी?"

"सारा पुडा."

त्याने कपाळावर हात मारला.

मी दुसरा पुडा घेतला. घरी चिमूटभर टाकून शंभर मोजले. चहा चांगला झाला. आत्याबाईही प्यायल्या. दिरासमोर वाटी ठेवली तर तो उठून गोठ्यात गेला. आजही त्याच्या घरी पाहुण्यांना चहा होतो, आणि चहा होईपर्यंत तो बाहेर जाऊन उभा राहतो.